प्रश्नकर्त्यांची कैफियत

स्टॅक ओव्हरफ्लो या संगणक-प्रोग्रामरांच्या जगप्रसिद्ध प्रश्नोत्तर-मंचाला लागलेली उतरती कळा आता इतकी उघड झाली आहे, की ती लागली आहे किंवा नाही याविषयी कोणी वाद घालीत नाही. वाद उरला आहे तो तिचा अर्थ काय लावावयाचा एवढ्यापुरता. २०१४ च्या सुमारास जेथे दरमहा सुमारे दोन लाख नवे प्रश्न येत असत, तेथे २०२४ साल सरताना महिन्याकाठी तीस हजारही येईनासे झाले. या घटनेवर दोन निवाडे मोठ्या आत्मविश्वासाने दिले जातात. पहिला असा, की प्रश्नांची उत्तरे देणारे चॅटजीपीटीसारखे यंत्र आले, तेव्हा माणसांनी माणसांना उत्तरे देण्याचा हा सारा खटाटोप कालबाह्य होणे क्रमप्राप्तच होते आणि त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. दुसरा निवाडा त्या मंचाच्या जुन्या राखणदारांचा आहे: गेला तो गाळ गेला, आळशांचे आणि नवशिक्यांचे तेच ते प्रश्न यंत्राकडे वळले, आणि जे उरले ते मोजके असले तरी सकस आहे, असे ते म्हणतात.

हे दोन्ही निवाडे मला अमान्य आहेत आणि ते अमान्य असण्याचे कारणही एकच आहे. दोन्ही पक्षांनी मनाशी असे धरून ठेवले आहे, की त्या मंचावर निर्माण होणारी मोलाची वस्तू म्हणजे उत्तर, आणि प्रश्न घेऊन येणारा मनुष्य म्हणजे त्या वस्तूचा याचक. या एका गृहीतापायी मंचाचे चालक, त्याचे राखणदार आणि आज त्याचे मृत्युलेख लिहिणारे असे तिघेही फसले आहेत, असे मला दाखवावयाचे आहे. प्रश्नकर्ता त्या मंचाचा आश्रित कधीच नव्हता. त्या ज्ञानभांडाराच्या निर्मितीत तो उत्तर देणाऱ्याच्या बरोबरीचा भागीदार होता, आणि ही भागीदारी नाकारली गेली तेव्हाच, यंत्राचे नावही कोणी ऐकले नव्हते त्या काळात, ऱ्हासाला आरंभ झाला.

जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी १५ सप्टेंबर २००८ रोजी हा मंच सर्वांसाठी खुला केला, त्यापूर्वीची स्थिती आजच्या तरुण प्रोग्रामरांना सांगूनही खरी वाटणार नाही. अडचण आली तर जाडजूड ग्रंथ धुंडाळावे, कोणी ओळखीचा जाणकार असल्यास त्याच्या सवडीची वाट पाहावी, किंवा एक्स्पर्ट्स एक्स्चेंजसारख्या सेवेच्या दारी जावे, जेथे प्रश्न तर डोळ्यांना दिसे परंतु त्याचे उत्तर वाचावयाचे म्हटले की वर्गणीची मागणी पुढे येई. नव्या मंचाने ही वहिवाट मोडून काढली. वाचण्यासाठी वर्गणी नाही, नावनोंदणीही नाही; उत्तर कोणीही द्यावे, ते चांगले की वाईट हे वाचणाऱ्यांनी मत देऊन ठरवावे, आणि चुकले असल्यास दुसऱ्या कोणी येऊन ते दुरुस्त करावे. तेथे लिहिलेला प्रत्येक शब्द क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली सर्वांना मोकळा होता. अट एवढीच, की ज्याने लिहिले त्याचे श्रेय द्यावे आणि पुढचा वापरही त्याच अटीवर मोकळा ठेवावा. शिवाय सारे दप्तर ठरावीक मुदतीने सर्वांना उतरवून घेता येईल अशा रीतीने प्रसिद्ध केले जाई, म्हणजे चालकांची बुद्धी पुढेमागे फिरलीच तर लोकांच्या हाती त्यांचे लेखन राहावे. दोन कोटींहून अधिक प्रश्न आणि तीन कोटींहून अधिक उत्तरे या सनदेच्या विश्वासावर जमा झाली. पुण्याला हिंजवडीच्या वा खराडीच्या एखाद्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलाला वरिष्ठाकडून मिळणारा पहिला व्यावहारिक सल्ला वर्षानुवर्षे ‘स्टॅक ओव्हरफ्लोवर बघ’ हाच असे, आणि त्या तीन शब्दांवर या देशातील एका सबंध पिढीचे शिक्षण झाले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता प्रश्नकर्ता भागीदार कसा, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण एकच घेतो, पण ते जवळून पाहण्यासारखे आहे. जून २०१२ मध्ये एका प्रोग्रामरने या मंचावर आपला एक अनुभव मांडला. सी प्लस प्लस भाषेत त्याने एक लहानसा प्रोग्राम लिहिला होता: ३२,७६८ यादृच्छिक संख्यांची यादी घ्यावयाची, जी संख्या १२८ किंवा त्याहून मोठी असेल तीच बेरजेत धरावयाची, आणि ही फेरी एक लाख वेळा करावयाची. बेरजेला क्रमाशी काही कर्तव्य नसते. संख्या कशाही मांडल्या तरी उत्तर तेच यावयाचे आणि कष्टही तेवढेच पडावयाचे. परंतु यादी आधी चढत्या क्रमाने लावून घेतली, तर बेरजेचे तेच काम १.९३ सेकंदांत उरके, आणि न लावता केले तर त्याला ११.५४ सेकंद लागत. हा मनुष्य केवळ चकित होऊन थांबला नाही. भाषेचा किंवा कंपायलरचा दोष असेल म्हणून त्याने तोच प्रोग्राम जावा भाषेत लिहून पाहिला. तेथेही, थोड्या कमी प्रमाणात का होईना, तेच घडले. क्रमामुळे माहिती कॅशमध्ये आणली जात असेल अशी शंका त्याला आली, पण यादी तर नुकतीच तयार झालेली, तेव्हा तीही शंका टिकली नाही. इतके सगळे करून झाल्यावर त्याने विचारले: हे असे का होते?

त्याला मिळालेले उत्तर आज त्या मंचावरील सर्वाधिक नावाजलेल्या उत्तरांपैकी एक आहे. उत्तर देणाऱ्याने रेल्वेच्या फाट्याचे चित्र उभे केले: दूरसंदेशाची साधने नव्हती त्या काळी फाट्यावरच्या माणसाला येणारी गाडी कोणत्या मार्गाने जाणार हे ठाऊक नसे, म्हणून तो अंदाजाने सांधा बदलून ठेवी, अंदाज बरोबर ठरला तर गाडी न थांबता निघून जाई, चुकला तर ती थांबवून, मागे घेऊन, पुन्हा योग्य मार्गावर घालावी लागे. प्रोसेसरही ‘जर-तर’ आला की असाच अंदाज बांधून पुढे धावतो. क्रमाने लावलेल्या यादीत त्याचा अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर येतो. विस्कळीत यादीत तो निम्म्या वेळा चुकतो आणि प्रत्येक चुकीची किंमत वेळेच्या रूपाने भरावी लागते. पुढे त्याने ‘जर-तर’ टाळून तीच बेरीज करण्याची युक्ती दिली, निरनिराळ्या कंपायलरांवर मोजमापे घेऊन ती ताडून दाखविली. पंचवीस हजारांहून अधिक लोकांनी त्या प्रश्नाला आणि तितक्याच भरघोस मतांनी त्या उत्तराला पसंती दिली आहे.

यातले प्रोसेसरविषयीचे ज्ञान नवीन नव्हते. ते उत्पादकांच्या माहितीपुस्तकांत होते, विद्यापीठांच्या पाठ्यक्रमांत होते, आणि उत्तर देणाऱ्याच्या डोक्यातही ते आधीपासूनच होते. तरीही हे उत्तर तोपर्यंत कोणी लिहिले नव्हते, कारण या ठिकाणी, या साध्या दिसणाऱ्या बेरजेत, त्या ज्ञानाची गरज आहे हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. ते लक्षात आणून देणे, विसंगती मोजून मांडणे, सोप्या शंका आपल्या आपण बाद करणे आणि उरलेला गाभा लोकांपुढे ठेवणे हे काम प्रश्नकर्त्याने केले. उत्तर हे त्या कामाचे फलित होय. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाला जे स्थान आहे ते शोभेसाठी दिलेले नाही. ज्याचा पूर्वपक्ष दुबळा, त्याचा सिद्धान्तही दुबळा राहतो, हे त्या ग्रंथकारांना पक्के ठाऊक होते.

मंचाच्या जमाखर्चात मात्र या कामाची नोंद फार कंजूषपणे झाली. २०१० पासून २०१९ पर्यंत उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मताबद्दल लेखकाच्या खात्यावर दहा गुण जमा होत, आणि प्रश्नाला मिळालेल्या तशाच मताबद्दल पाच. या गुणांना अधिकार जोडलेले होते. तीन हजार गुण झाले की दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्यासाठी मत देण्याचा हक्क मिळे. असली पाच मते पडली की प्रश्न बंद होई, पुढे ही संख्या तीनवर आणली गेली. आणि २०१४ पासून एखाद्या विषयात सुवर्णपदक मिळविलेल्या सभासदाला ‘हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे’ असा शेरा मारून तो एकट्याने, तत्क्षणी, बंद करता येऊ लागला. प्रतिकूल मते पडलेला अनुत्तरित प्रश्न तीस दिवसांनी आपोआप पुसलाही जाई. सेवेबद्दल दिलेले इनाम पिढीजात वतन व्हावे आणि वतनदाराने रयतेला दारात उभे करू नये, असाच हा प्रकार होता: २००९ किंवा २०१० साली, जेव्हा सोपे आणि मूलभूत प्रश्न अजून विचारावयाचे होते, तेव्हा आलेल्यांनी ते विचारून आणि त्यांची उत्तरे देऊन गुण कमावले, आणि दहा वर्षांनी आलेल्यांना तेच विचारण्याबद्दल शासन मिळू लागले.

या व्यवस्थेचा परिणाम केवळ नवागतांच्या मनःस्तापापुरता राहिला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. खरा परिणाम उत्तरांच्या गुणवत्तेवर झाला, आणि राखणदारांना नेमके हेच आजवर दिसलेले नाही. संगणकाच्या भाषा आणि साधने बदलत असतात. पायथॉन भाषेची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून अधिकृतपणे निवृत्त झाली. तिसरीत पुष्कळ गोष्टी वेगळ्या रीतीने लिहाव्या लागतात. आता २०२० मध्ये नवी आवृत्ती वापरणाऱ्या विद्यार्थ्याने एखादी शंका मांडली आणि ती २००९ च्या एका प्रश्नाची ‘ड्युप्लिकेट’ ठरवून बंद केली गेली, तर तो पोहोचतो कोठे? निवृत्त झालेल्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या उत्तरापाशी. त्या उत्तरावर स्वीकृतीची हिरवी खूण असते, जी फक्त २००९ चा मूळ प्रश्नकर्ताच काढू शकतो, आणि तो तर केव्हाच निघून गेलेला असतो. २०२१ पर्यंत ही खूण असलेले उत्तर, मते कितीही कमी असली तरी, सर्वांच्या वर मांडले जाई. खाली कोठे तरी, पाचव्या-सहाव्या स्थानी, कोणी नव्या आवृत्तीचे उत्तर लिहून ठेवलेले असते, पण तेथवर नजर जाईतो विद्यार्थी दुसरीकडे वळलेला असतो. नवा प्रश्न हा जुन्या उत्तराच्या फेरतपासणीचा एकमेव नैसर्गिक प्रसंग असतो. तो प्रसंगच नाकारला, की भांडार जसेच्या तसे राहते आणि बाहेरचे जग मात्र पुढे सरकते. प्रश्नांची संख्या घटणे आणि उत्तरांचा दर्जा घसरणे या दोन वेगळ्या व्याधी नव्हत्या, आणि पहिलीला औषध समजून दुसरी वाढविली गेली.

राखणदारांची बाजू मी हलकी लेखत नाही. ही माणसे पगारी नव्हती. दिवसाचे काम आटोपून, स्वतःच्या झोपेचा आणि घरच्या वेळेचा वाटा देऊन, त्यांनी हजारो प्रश्न वाचले, विस्कळीत मजकूर नीट केला, जाहिराती उपटून काढल्या. महाविद्यालयाचा गृहपाठ जसाच्या तसा चिकटवून ‘उद्या द्यावयाचा आहे, लवकर सांगा’ असे म्हणणारे रोज येत असत, हेही खरे. आणि अशांचा लोंढा अडविला नाही तर जाणकार कंटाळून निघून जातील ही त्यांची भीती निराधार नव्हती. परंतु भीती खरी होती म्हणून उपाय योग्य ठरत नाही. गृहपाठ ढकलणारा आणि प्रामाणिकपणे अडलेला यांत भेद करण्यासाठी जो अवधी लागतो तो या यंत्रणेने ठेवलाच नाही. आणि ज्याला घालवून दिले तो कशामुळे अपात्र ठरला हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगण्याची सक्तीही ठेवली नाही. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीने जाहीर निवेदन काढून कबूल केले, की आपला मंच नवागतांना, स्त्रियांना आणि उपेक्षित समूहांतील लोकांना परका आणि कठोर वाटतो. हा कबुलीजबाब यंत्र येण्याच्या साडेचार वर्षे आधीचा आहे.

‘गाळ गेला’ या युक्तिवादाला तर आता संशोधनानेच उत्तर दिले आहे. २०२४ मध्ये पीएनएएस नेक्सस या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटी आल्यानंतरच्या सहा महिन्यांतील लेखनाची तुलना, जेथे ते यंत्र सहजी उपलब्ध नव्हते अशा रशियन आणि चिनी मंचांशी केली गेली. त्या तुलनेत स्टॅक ओव्हरफ्लोवरील लेखन सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले असे आढळले, आणि घटलेले लेखन केवळ निकृष्ट नव्हते: उत्तम, मध्यम आणि सामान्य अशा तिन्ही प्रतींचे लेखन सारख्याच प्रमाणात कमी झाले होते. म्हणजे ज्यांना राखणदार गाळ समजत होते त्यांच्याबरोबर २०१२ च्या त्या प्रश्नकर्त्यासारखे लोकही निघून गेले.

येथे आपल्याकडच्या मुलांविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्या वाट्याला जे आले त्याची दखल पाश्चात्त्य चर्चेत क्वचितच घेतली जाते. हा मंच इंग्रजीचा. सर्व प्रोग्रामरांनी एकाच भाषेत लिहावे हे सोयीचे आहे, असे ॲटवूड यांनी २००९ मध्ये आवर्जून मांडले होते. पुढे पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी भाषकांसाठी स्वतंत्र मंच निघाले. कोणत्याही भारतीय भाषेसाठी निघाला नाही. तेव्हा लातूरचा किंवा जळगावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकीला आलेला मुलगा आपली अडचण इंग्रजीतच मांडणार, आणि ती मांडताना त्याची वाक्यरचना अडखळणार, नमस्कार-चमत्काराची चार वाक्ये तो आधी लिहिणार, शेवटी आगाऊ आभार मानणार. मंचाच्या नियमांप्रमाणे अभिवादन आणि आभार हा अनावश्यक मजकूर, तो खोडला जाई. आणि अडखळती इंग्रजी ही पुष्कळांच्या लेखी विचाराच्या अडखळण्याची खूण, तिला प्रतिकूल मत पडे. अडचण खरी आहे की नाही, त्याने चढविलेला कोड आणि आलेली एरर नीट दिली आहे की नाही, हे पाहण्याआधीच निकाल लागलेला असे. ज्या मुलाला घरात, गावात, प्रसंगी महाविद्यालयातही विचारावयाला कोणी नव्हते, ज्याला या मंचाची सर्वांत जास्त गरज होती, तोच तेथे बोलावयास भ्यायला आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने वाचीत राहिला. आज तो मुलगा यंत्राला मराठी-इंग्रजीच्या मिश्र बोलीत विचारतो आणि यंत्र त्याला टाकून बोलत नाही. त्याने तिकडे जाऊ नये असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे?

आणि तरीही पहिल्या निवाड्याला, म्हणजे यंत्र आले आता मंचाची गरज काय या म्हणण्याला, मान डोलावता येत नाही. एक तर त्याचे कालगणित चुकते. प्रश्नांचा ओघ २०१४ नंतर पुन्हा चढला नाही. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले तेवढ्यापुरता तो उसळला आणि पुन्हा उतरणीला लागला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी प्रसिद्ध झाले तेव्हा घसरण चांगलीच पुढे गेलेली होती. यंत्राने तिला वेग दिला. दुसरे आणि अधिक गंभीर हे, की यंत्राला जे येते ते कोठून आले याचा या म्हणण्यात विसर पडतो. २०२० मध्ये प्रशिक्षणासाठी खुला केलेला ‘द पाइल’ हा संग्रह घ्या, किंवा मेटा कंपनीने २०२३ मध्ये लामा प्रारूपाविषयी प्रसिद्ध केलेला निबंध पाहा: दोहोंत स्टॅक एक्स्चेंजच्या, म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो ज्या मंचसमूहात मोडतो त्याच्या, प्रश्नोत्तरांचा समावेश नावानिशी नोंदविलेला आहे, आणि लामाच्या निबंधात त्याचे प्रमाणही, दोन टक्के, दिलेले आहे. जोडीजोडीने मांडलेला प्रश्न आणि त्याचे लोकांनी तपासलेले उत्तर यापेक्षा उपयुक्त असे शिक्षणसाहित्य यंत्राला दुसरे कोणते मिळणार होते? म्हणजे ज्या भांडारामुळे यंत्र बोलके झाले तेच भांडार आता अनावश्यक आहे, असे आपल्याला सांगितले जात आहे.

या व्यवहारात मालकांनी काय केले, तेही थोडक्यात नोंदवून ठेवतो. जून २०२१ मध्ये प्रोसस या गुंतवणूकदार कंपनीने हा मंच एकशे ऐंशी कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. ज्यांच्या लेखनाला ही किंमत आली त्यांचा त्यात वाटा नव्हता आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. ५ डिसेंबर २०२२ ला मंचाने यंत्राने लिहिलेल्या उत्तरांना मनाई केली. परंतु मे २०२३ अखेर मॉडरेटरांना असे फर्मान आले, की यंत्रलिखित असल्याच्या संशयावरून उत्तरे काढू नयेत, आणि त्याविरुद्ध या स्वयंसेवकांना जून ते ऑगस्ट २०२३ असा संप करावा लागला. त्याच सुमारास दप्तराचे नियमित प्रकाशन गाजावाजा न करता थांबविले गेले आणि ओरड झाल्यावर पुन्हा सुरू झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत गूगलशी आणि मे महिन्यात ओपनएआयशी करार झाले. आपले लेखन अशा रीतीने विकले जाऊ नये म्हणून काहींनी स्वतःचीच उत्तरे खोडावयास घेतली, तेव्हा त्यांची खाती काही दिवसांसाठी निलंबित झाली. परवाना एकदा दिला तो परत घेता येत नाही, हे कायद्याने बरोबरच आहे. पण त्याच परवान्यातली श्रेय देण्याची अट यंत्राच्या उत्तरांत पाळली जाताना दिसत नाही, आणि एक कलम बजावून दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला कायद्याचा आधार घेताना थोडा संकोच वाटावयास हवा होता.

परंतु मालकांच्या वर्तनापेक्षाही मला जे नुकसान अधिक मोठे वाटते ते वेगळेच आहे. यंत्राला विचारलेला प्रश्न कोणालाच दिसत नाही. एखाद्या नव्या साधनात दोष आहे, आणि त्यामुळे एकाच आठवड्यात पुणे, क्राकाव आणि साओ पाउलो येथील तीनशे माणसे एकाच जागी अडली, असे धरा. पूर्वी त्यांतला एक मंचावर लिही, इतर दोनशे नव्याण्णव तेथे पोहोचत, काही म्हणत ‘मलाही हेच होते’, कोणी म्हणे माझ्याकडे अमुक आवृत्तीत होत नाही, आणि दोनचार दिवसांत स्वतः त्या साधनाचा कर्ता येऊन चूक मान्य करी. आज ते तीनशे जण आपापल्या खोलीत यंत्राशी बोलतात. प्रत्येकाला निरनिराळे, ऐटबाज, आर्जवी उत्तर मिळते. काहींचे काम भागते, काहींचे भागत नाही. आणि आपल्यासारखे आणखी दोनशे नव्याण्णव आहेत हे एकालाही कळत नाही. साधनाच्या कर्त्यालाही कळत नाही. कळते ते फक्त यंत्राच्या मालकाला, आणि त्याने ते सांगावे असे त्याच्यावर बंधन नाही. लोकांना काय अडते याची सार्वजनिक नोंद ही या मंचाची सर्वांत मोठी मिळकत होती, आणि ती उत्तरांत नव्हती, प्रश्नांत होती.

उत्तर चुकले तर काय, हाही मुद्दा येथेच येतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी या मंचावरचे ५१७ प्रश्न चॅटजीपीटीला विचारून पाहिले, तेव्हा बावन्न टक्के उत्तरांत चुकीची माहिती आढळली. आणि ती उत्तरे ज्यांना वाचावयास दिली त्यांच्या दृष्टीतून अशा चुका एकोणचाळीस टक्के वेळा निसटल्या. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत, आणखी सुधारतील, म्हणून या आकड्यावर मी फार भर देत नाही. माणसांची उत्तरेही चुकत होतीच. फरक इतकाच, की माणसाचे चुकलेले उत्तर चारचौघांत पडून असे. त्याच्या खाली दुसऱ्या दिवशी, कधी तीन वर्षांनी, कोणी लिही की यात सुरक्षिततेचा धोका आहे, हे वापरू नका. आणि ती सूचना नंतर येणाऱ्या प्रत्येकाला वाचावयास मिळे. खोलीत दिलेल्या चुकीच्या उत्तराखाली असे कोण लिहिणार?

मंच जुन्या रूपात परत आणावा अशी माझी मागणी नाही; ते रूपच सदोष होते, हे वर सांगितले आहे. पण ज्यांच्या हाती तो आहे त्यांच्याकडे दोन गोष्टी तरी ठामपणे मागता येतात. सारे दप्तर विनाअट आणि ठरल्या मुदतीने सर्वांना मिळाले पाहिजे. आणि नव्या आवृत्तीविषयीचा प्रश्न जुन्या प्रश्नाची पुनरुक्ती म्हणून बंद करण्याचा एकट्याचा अधिकार काढून घेतला पाहिजे. यंत्रांच्या मालकांकडेही एक मागणे आहे: ज्यांची संमती असेल त्यांचे प्रश्न, नावगाव वगळून, विषयवार प्रसिद्ध करावेत, ज्यांनी दुसऱ्यांच्या प्रश्नांवर स्वतःचे भांडवल उभारले त्यांना हे जड जाऊ नये.

राहिलो आपण, दररोज यंत्राला विचारणारे. स्वतःच प्रश्न मांडून त्याचे उत्तरही स्वतःच लिहावे, याला या मंचावर पहिल्या दिवसापासून मुभाच नव्हे तर उत्तेजन आहे, आणि ही तरतूद आजही कायम आहे. यंत्राशी तासभर झटापट करून, त्याची दोन उत्तरे फेटाळून, तिसरे स्वतः चालवून आणि दुरुस्त करून ज्याची अडचण सुटली, त्याच्याजवळ त्या क्षणी असे काही असते जे दुसऱ्या कोणाजवळ नाही: नेमकी एरर, नेमकी आवृत्ती, फसलेले उपाय आणि चाललेला उपाय. ते लिहावयास वीस मिनिटे लागतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील वरिष्ठांनी आपल्या हाताखालच्या मुलांना ही वीस मिनिटे कामाच्या वेळात द्यावीत, आणि त्यांची इंग्रजी अडखळली तर लिहिलेले एकदा स्वतः वाचून द्यावे.